सातव्या मिनिटाला

आमचा लॅपटॉप सातव्या मिनिटाला मान टाकायचा. पहिल्या दिवशी मी घड्याळ लावलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी लावलं. यंत्र सुरू झालं, विंडोज आलं, मी प्रश्नपत्रिकेची फाइल उघडली, ‘खालीलपैकी कोणत्याही तीन प्रश्नांची उत्तरे लिहा’ इथवर आलो आणि पडदा काळा. ना निरोप, ना खोकला. डोंबिवलीत वीज जाते तेव्हासुद्धा छताचा पंखा दहाबारा फेऱ्या जास्तीच्या मारून मगच थांबतो. तेवढ्यात माणूस मेणबत्तीच्या दिशेने एक पाऊल तरी टाकतो. इथे तेवढीही सवड नव्हती.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. दिवाळीनंतरच्या परीक्षेसाठी प्रश्नपत्रिकेचे तीन संच द्यायचे होते. दोन झाले होते, तिसरा होत होता आणि तिन्ही त्या लॅपटॉपात ‘लाइट बिल २०१९’ नावाच्या फोल्डरमध्ये होते. गोपनीयतेसाठी. जुनं लाइट बिल या जगात कुणीही उघडून बघत नाही, हा माझा सिद्धांत. त्यात एक त्रुटी राहून गेली. जुन्या लाइट बिलाची दुसरी प्रतही कुणी काढून ठेवत नाही. मीही ठेवली नव्हती.

तारखा सांगून ठेवतो, कारण पुढे प्रत्येकाने आपापल्या निदानासाठी त्या वापरल्या. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता. आमच्याकडे पाटीपूजन असतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती, शेजारी शिवणाची कात्री, माझा पान्हा, आईचा पंचांगाचा चष्मा आणि गेली काही वर्षं लॅपटॉप. तो उघडाच ठेवायचा. मिटलेला ठेवला की पाटावर पाट ठेवल्यासारखा दिसतो, असं आईचं म्हणणं. सौ. दाराचं तोरण ओवत होती, म्हणून अक्षता मी आणल्या. आईने स्पेसबारवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल बरोबर एंटरवर ठेवलं आणि आम्ही सगळ्यांनी लग्नात टाकतात तशा, म्हणजे दुरून आणि नेम न धरता, अक्षता टाकल्या.

आणि गुण आला. हा लॅपटॉप दोन वर्षांपासून सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. मी ऑनलाइन तास घ्यायला बसलो की मुलं विचारायची, “सर, पाऊस पडतोय का तुमच्याकडे?” त्या संध्याकाळी मी पाच मिनिटं फोटो बघायला तो उघडला, तर घरघर बंद. नुसता उजेड. देवघरातल्या समईसारखा.

“बघ,” आई म्हणाली.

मी बघितलं. अर्थशास्त्राचा माणूस असूनही बघितलं. शनिवार-रविवार त्या शांततेचं कौतुक करण्यात गेले आणि सोमवारी कामाला बसलो तेव्हा ते सातवं मिनिट आलं.

घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की नातलग आधी निदान घेऊन येतात आणि मग फळं. लॅपटॉपला फळं नव्हती एवढाच फरक. आईचं निदान दृष्टीचं. पूजेचा फोटो मी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. त्यावर न्यू जर्सीच्या चुलतभावाने ‘छान आहे, अजून हाच वापरतोस?’ असं लिहिलं होतं. आईच्या मते तिथेच लागली. सौ. म्हणाली, “रात्री गादीवर, उशीवर ठेवून बसता, खालून वारा जायचा कुठून त्याला?” हे त्या आठवड्यातलं एकमेव शास्त्रीय निदान. त्यामुळे त्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

समोरच्या ब्लॉकमधले काका वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत. जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं, यावर त्यांची श्रद्धा आहे. फ्रिज बिघडला, अर्थिंग. पाणी तापत नाही, अर्थिंग. मागे आमच्या मजल्यावरचं एक जमलेलं लग्न फिसकटलं तेव्हाही ते बराच वेळ भिंतीवरच्या प्लगकडे पाहत बसले होते.

“काका, हा बॅटरीवर चालू असतानाही बंद पडतो,” मी म्हणालो.

“आणि बॅटरीत वीज कुठून आली? भिंतीतूनच ना?”

यावर उत्तर नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला फोन लावला. “मामा, हार्डवेअर आम्हाला नसतं,” तो म्हणाला. हे म्हणजे पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि त्याने ‘पोट आम्हाला ऑप्शनला होतं’ म्हणावं. मग त्याने तो जगप्रसिद्ध प्रश्न विचारला, “बंद करून चालू केलास का?”

मी म्हणालो, “तो स्वतःच होतोय की बंद. मी फक्त चालू करतो. अर्धं काम वाटून घेतलंय आम्ही.”

“तसं नाही. रिस्टार्ट वेगळं आणि शटडाउन वेगळं.”

ही गोष्ट मात्र मला खरंच ठाऊक नव्हती आणि ती कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे. विंडोज ८ पासून ‘शटडाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून यंत्रणा आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवते आणि उद्या तिथूनच पुढे उठते. पूर्ण बंद होऊन, आंघोळ करून, कोऱ्या मनाने यायचं असेल तर ‘रिस्टार्ट’ म्हणावं लागतं. आपल्याकडचे पाहुणे ‘निघतो’ म्हणतात आणि चप्पल घालून दारात पाऊण तास बोलत उभे राहतात, तो शटडाउन. खरंच निघून गेलेला पाहुणा म्हणजे रिस्टार्ट. तो रिक्षात बसलेला असतो आणि छत्री विसरली म्हणून परत येतो.

रिस्टार्ट केलं. सातव्या मिनिटाला पुन्हा तेच. फक्त आता आंघोळ करून मेला.

बुधवारी निळा पडदा आला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. दोन दिवस हा इसम काही न बोलता उठून जात होता. आता निदान दोन ओळी लिहिल्या. तुमच्या संगणकाला अडचण आली आहे, आम्ही थोडी माहिती गोळा करतो आहोत, ० टक्के पूर्ण. आणि वर तो आडवा पडलेला रडका चेहरा. हा चेहरा २०१२ साली विंडोज ८ बरोबर आला. त्याआधीचा निळा पडदा म्हणजे कोर्टाचं समन्स असायचं: वरपासून खालपर्यंत आकडे, शून्यं, बारीक टाइप, वाचणाऱ्याला दोषी वाटावं अशी भाषा. मग कुणाला तरी वाटलं की एवढं कडक नको, जरा माणुसकी असावी. म्हणून समन्सच्या जागी सांत्वनाचं पत्र आलं. विंडोज १० मध्ये २०१६ पासून त्यावर क्यूआर कोडही येतो. म्हणजे बेशुद्ध पडता पडता पेशंटने व्हिजिटिंग कार्ड काढून द्यायचं. २०२५ मध्ये विंडोज ११ ने तो चेहरा काढून टाकला आणि पडदा निळ्याचा काळा केला. माझ्या मते ही चूक आहे. काळा पडदा माझ्याकडे आधीच होता. निळा आल्यावर सुधारणा वाटली होती.

काकांना बोलावून निळा पडदा दाखवला. त्यांनी तो ओळखला. “हे तेच ना, विमानं बसली होती ते?”

तेच. १९ जुलै २०२४ या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख यंत्रं हाच निळा पडदा घेऊन बसली. विमानं, बँका, दवाखाने, सगळीकडे. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तोडगाही काय, तर यंत्र सेफ मोडमध्ये उघडायचं, ती एक फाइल शोधून पुसायची आणि पुन्हा चालू करायचं. आणि हे बऱ्याच ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन करायचं. ढगात साठवलेल्या सर्व्हरांसाठी तर मायक्रोसॉफ्टचाच सल्ला होता की चालू-बंद करत राहा, पंधरा वेळासुद्धा करावं लागेल. एवढ्या मोठ्या जगाचा डोलारा शेवटी आमच्या भाच्याच्या प्रश्नावर येऊन टेकला, याचं मला त्या दिवशी नाही म्हटलं तरी समाधान वाटलं.

“अर्थिंग,” काका म्हणाले. “सगळीकडे एकदम गेलं.”

शुक्रवारी लॅपटॉपने शेवटची पायरी उतरली. आता विंडोज येईचना. बटण दाबलं की ‘ऑटोमॅटिक रिपेअरची तयारी करत आहोत’. मग ‘तुमच्या संगणकाचं निदान करत आहोत’. मग ठिपक्यांचं रिंगण. मग ‘दुरुस्त करता आलं नाही’. खाली दोन बटणं: पुन्हा सुरू करा, किंवा इतर पर्याय. पुन्हा सुरू केलं की पुन्हा तयारी. तयारी, निदान, रिंगण, नाही. ज्याने वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा घातल्या आहेत त्याला हे नवं नाही. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, चौकशी सुरू आहे, साहेब जेवायला गेले आहेत, उद्या या.

भाच्याने फोनवरून सांगितलं, सेफ मोडमध्ये जा. पूर्वी सुरू होताना एफ-आठ दाबलं की झालं. विंडोज ८ पासून ते सहसा चालत नाही, कारण यंत्र इतक्या झटपट सुरू होतं की बोट पोचेपर्यंत गाडी गेलेली असते. मग बायोसमध्ये जा, म्हणाला. त्यासाठी कुठली कळ? कुणाची एफ-दोन, कुणाची एफ-दहा, कुणाची डिलीट, कुणाची एस्केप. कुळागणिक दैवत वेगळं, नैवेद्य वेगळा. आम्ही वाटणी केली. मी एफ-दोनवर, सौ. एफ-दहावर, आई डिलीटवर. “दाबा!” म्हटलं की तिघांनी टकटक करायची. एवढ्याशा कीबोर्डवर तीन माणसांचे हात म्हणजे पापड लाटायला बसल्यासारखं दृश्य. लॅपटॉप घाबरून तसाच बंद पडला.

“पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धर,” पुढचा सल्ला. “चार्जर काढून. आत कुठे चार्ज अडकला असेल तर निघून जातो.” हा उपाय अंधश्रद्धेसारखा वाटतो, पण खरा आहे, कधीकधी लागू पडतो. तीस सेकंद मोजायची कशी यावर चर्चा झाली. आई म्हणाली, “मी शुभं करोति म्हणते, तेवढं धर.” मी बटण धरलं. आईने सावकाश, हात जोडून म्हटलं. दिवेलागणीची वेळ होती. त्या क्षणी कुणी दार उघडून आत आलं असतं तर त्याला आम्ही नेमकं काय करत आहोत ते सांगणं अवघड गेलं असतं.

रविवारी काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. “रॅम साफ करायची,” म्हणाले. हे त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. आमच्या जुन्या लॅपटॉपला पोटाशी एक छोटं झाकण आहे, त्याच्या आत रॅमची पट्टी. तिच्या कडेला सोनेरी दात असतात; त्यांवर पातळ थर धरला की संपर्क तुटतो आणि यंत्र सुरू होत नाही. त्यावर भारतभरातल्या दुरुस्तीवाल्यांनी एकमताने काढलेला उपाय म्हणजे शाळेतला खोडरबर. पाढे चुकले तर घासायचा, तोच. काकांनी नातवाच्या कंपासपेटीतून रबर आणला होता, सुगंधी, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.

झाकणाचे दोन स्क्रू निघाले. ठेवायचे कुठे? हरवायला नकोत म्हणून काकांनी ओट्यावरचा मिसळणाचा डबा ओढला आणि एकेक स्क्रू एकेका वाटीत टाकला. एक हळदीत, एक मोहरीत. “रंगावरून लगेच सापडेल,” म्हणाले. हळदीतला सापडला. मोहरीतला काळा होता. तो तीन दिवसांनी आमटीच्या फोडणीत सापडला. आई म्हणाली, एक मोहरी काही केल्या तडतडेना.

रॅम घासून, फुंकून, एका स्क्रूवर झाकण लावून बटण दाबलं. पडदा काळाच राहिला आणि आतून आवाज आला, पीऽऽप. थांबला. पीऽऽप. पुन्हा थांबला. पीऽऽप.

हे यंत्राचं स्वतःचं बोलणं असतं. सुरू होताना ते आधी स्वतःची तपासणी करतं, रॅम आहे का, पडदा आहे का. सगळं ठीक असेल तर पुढे जातं. पडद्यावर लिहिण्याइतकीही ताकद नसेल तर शिट्ट्या मारतं. कुठल्या शिट्टीचा अर्थ काय, हे पुन्हा कुळागणिक वेगळं. आमच्या लॅपटॉपचा अर्थ बहुधा असा होता की माझी रॅम कुठे नेलीत? ती जागेवरच होती, पण नीट बसली नव्हती.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “तीन झाल्या, बंद करा!”

१४ ऑक्टोबरला काका सकाळीच वर्तमानपत्र घेऊन दारात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार त्या दिवसापासून काढून घेतला होता. आता नव्या सुधारणा नाहीत, नेहमीची सुरक्षा नाही. “बघ. मारलाय त्यांनी,” काका कुजबुजले. तसं काही नसतं, आधार संपला तरी यंत्र चालतं, हे मी समजावून सांगितलं. पण काकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच अर्थिंगखेरीज दुसरं कारण तोंडातून निघालं होतं. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं.

अधिकृत सेवा केंद्रात गेलो, त्याचं फार सांगत नाही. टोकन क्रमांक ४३, थंडगार हवा, आणि काउंटरवरच्या मुलीने लॅपटॉप न उघडताच सांगितलं, “मदरबोर्ड गेलाय सर.” १८,५०० रुपये, अधिक कर, अधिक दोन आठवडे. शिवाय एका कागदावर सही करा की आतल्या माहितीची जबाबदारी आमची नाही. “बॅकअप आहे ना?” तिने विचारलं. हा प्रश्न नेहमी असाच विचारला जातो, मयताला आलेल्या माणसाने ‘विमा होता ना?’ विचारावं तसा. आहे म्हटलं तर सांत्वन, नाही म्हटलं तर ‘अरेरे’. मी लॅपटॉप उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपची बॅग पोटाशी लावून लोकलमध्ये चढलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते टॅक्सीवाल्याला सांगून पाहा. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. त्याचं नाव शंभर वर्षांनंतर ‘एचडीएमआय केबल है, व्हायफाय का डोंगल है’ या आरोळ्यांमध्ये जिवंत राहील, असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने राजीनामा दिला असता.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत एक पोरगा, कपाळाला बॅटरी बांधलेली, हातात चिमटा. भिंतीवर उघड्या मदरबोर्डांची रास, पापड वाळत घातल्यासारखी. मी सगळा इतिहास सांगायला घेतला. सातवं मिनिट, निळा पडदा, रिंगण, शिट्ट्या. त्याने एकही शब्द ऐकला नाही. लॅपटॉप नाकाशी नेऊन वास घेतला.

“स्ट्रॉबेरी?”

“खोडरबर,” मी म्हणालो.

मग त्याने तो उलटा केला, हलवला, कान लावला आणि विचारलं, “पूजा केली होती का दसऱ्याला? उघडा ठेवून?”

मी चपापलो. एमबीबीएस झालेल्यांनी इतक्या लवकर माझा इतिहास काढलेला नाही.

“येतात,” तो म्हणाला. “होळीला रंग येतो. जूनमध्ये पाणी. गणपतीत गुलाल. आणि आता हा सीझन.” बोलता बोलता त्याने मागचं पूर्ण झाकण उतरवलं. स्क्रू त्याने चुंबकाच्या पट्टीवर लावले. हे काकांना सांगायचं, असं मी मनात लिहून ठेवलं.

आत जे होतं ते मी पाहिलं. पंख्याभोवती दोन वर्षांचं गादीचं कापूस-धूळ, सौ. म्हणत होती ते. तांब्याच्या नळीवर कुंकवाची लाल साय. झेंडूची वाळलेली एक पाकळी. आणि पंख्याच्या पात्यात, बरोबर आसाशी, पिवळाधमक तांदळाचा दाणा. कीबोर्डच्या वर बिजागरीपाशी जी बारीक जाळी असते, तिथून तो आत उतरला होता.

त्याने चिमट्याने दाणा काढला. बोटाने टिचकी मारली, पंखा गर्रकन फिरला.

म्हणजे दसऱ्याची ती शांतता! घरघर थांबली नव्हती, पंखा थांबला होता. प्रोसेसर तापतो, पंखा हवा ओढून ती ऊब बाहेर टाकतो. पंखा नाही तर ऊब आतच. साधारण शंभर अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्वतःच वीज तोडतो. निरोप द्यायला थांबत नाही. शंभर अंश म्हणजे आपलं चहाचं आधण. मी घरी जाऊन मुद्दाम बघितलं, दोन कपांच्या आधणाला आमच्या गॅसवर तेवढाच वेळ लागतो. आणि लिहिता लिहिता हातातून वही ओढून घ्यावी तशी रोज वीज तुटत गेल्याने डिस्कवरच्या विंडोजच्या फायली अर्धवट राहिल्या, म्हणून निळा पडदा, म्हणून ते रिंगण. शिट्ट्या तेवढ्या काकांच्या.

मदरबोर्ड ठणठणीत होता.

मला त्या क्षणी हार्वर्डचा पतंग आठवला. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातला ‘मार्क टू’ नावाचा खोलीएवढा संगणक चुकू लागला. शोधलं तर एका रिलेमध्ये पतंग अडकलेला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला. ती वही पतंगासकट आजही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. यंत्रातल्या बिघाडाला ‘बग’ म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, पण खराखुरा किडा हाती लागला म्हणून त्यांना केवढा आनंद झाला. हे मी त्या पोराला सांगितलं. तो वाळलेली पेस्ट खरवडत म्हणाला, “आमच्याकडे झुरळं निघतात. आम्ही चिकटवत नाही.”

साफसफाई झाली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लागली, रॅम कट् आवाज करून जागेवर बसली. विंडोज दुरुस्त करायला त्याने एक पेनड्राइव्ह खुपसला.

“पासवर्ड?”

जिन्याखाली आता आम्ही चौघं होतो. दोन गिऱ्हाइकं मागे उभी. मी हळूच म्हणालो, “श्रीखंड.”

“काय?”

“श्रीखंड! पहिला एस मोठा. मग ॲट.”

“मग एक दोन तीन,” तो टाइप करत म्हणाला. मी सांगितलं नव्हतं.

सातवं मिनिट आलं आणि गेलं. आम्ही चौघांनी ते घड्याळात पाहिलं. आठव्या मिनिटाला त्याने विचारलं, “डेटा आहे सगळा. काय महत्त्वाचं आहे ते पेनड्राइव्हवर घालून देतो. कुठलं फोल्डर?”

“लाइट बिल,” मी म्हणालो.

“कधीचं?”

“२०१९चं.”

त्याने कपाळावरची बॅटरी विझवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मागच्या दोघांनीही पाहिलं. डोंबिवलीहून ग्रँट रोडला सहा वर्षांपूर्वीचं लाइट बिल सोडवायला आलेल्या माणसाला काय बोलणार? तो काही बोलला नाही. पेनड्राइव्हचे ३५०, बाकीचे बाराशे. आणि एक छोटी प्लॅस्टिकची पुडी त्याने बिलाला टाचून दिली. आत तो पिवळा दाणा.

“निघालेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, असा आमचा नियम आहे.”

घरी लॅपटॉप सुरू झाला, पुन्हा तीच घरघर. ती ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी ताबडतोब तिसऱ्या संचातला शेवटचा प्रश्न अवघड करून टाकला. काका आले. त्यांनी पुडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “तांदूळ वीज वाहून नेत नाही,” आणि निराश होऊन गेले.

आईला वाटेल काय, ही मला काळजी होती. तिच्या पूजेनेच यंत्र मारलं, हे तिला सांगायचं कसं? मी पुडी नुसती पुढे केली. तिने चष्मा लावला. दाणा तळहातावर घेतला, अंगठ्याने उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“ही अक्षत नव्हे.”

“म्हणजे?”

“अक्षत म्हणजे न मोडलेली. पूजेला अख्खा तांदूळ घ्यायचा असतो. ही कणी आहे.” तिने उठून पूजेच्या डब्यातला एक अख्खा दाणा आणला, लॅपटॉपच्या जाळीवर ठेवला आणि बोटाने दाबला. दाणा वरच राहिला. मग ती कणी ठेवली. कणी सरळ आत निघाली. मी झडप घालून ती वरच्यावर धरली.

“पेजेच्या डब्यातले तांदूळ कुणी काढले होते त्या दिवशी?” आईने विचारलं.

सौ. तोरण ओवत होती, हे मी मघाशी लिहिलंच आहे.